इंजिनाला जरा बरं नाही

आमच्या कुंभकोणमच्या घरात काही फुटत नाही, काही संपत नाही आणि काही विझत नाही. बांगडी फुटली तर ती वाढते, नारळ वाढतो, देवापुढचा दिवा विझवायचा नसतो, त्याला निरोप द्यायचा असतो. इतपत कुठल्याही मराठी घरात चालतं, आमच्यासारख्या तीनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात आलेल्या घरातही. पण आमच्या अप्पांनी हा कारभार फार पुढे नेला. आमचा मिक्सर जळला तेव्हा तो 'दमला' होता. फ्रिज बंद पडला तेव्हा तो 'विश्रांतीला' गेला. शेजारचे सुंदरराव वारले तेव्हा अप्पांनी मला सांगितलं की ते आता इथे राहत नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. सुंदररावांनी नवीन घर कुठे घेतलं, हे मी त्यांच्याच बायकोला विचारून आले.

वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, एवढंच अप्पांचं म्हणणं. अप्पा म्हणजे विजयराघवराव. सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत सगळे त्यांना ओळखतात, कारण त्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येकाला त्यांनी आयुर्विमा विकलाय. होय, माझे वडील विम्याचे एजंट आहेत. मरण हा शब्द तोंडातून न काढता त्यांनी सगळी हयात मरणाची सोय विकण्यात घालवली. "तुम्ही शंभर वर्षं जगणारच," असं म्हणून ते सुरुवात करत, आणि पुढे काय ते हाताने वर दाखवून सांगत. पट्टीश्वरमचे एक नारळाचे व्यापारी पहिला हप्ता भरल्यावर आमच्याकडे विचारायला आले होते की वर गच्चीवर नक्की काय बांधून मिळणार आहे.

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण यातलं अर्धं माझ्याबद्दल आहे. मी त्यांचीच मुलगी. वर्गात मुलगी चक्कर येऊन पडली तर मी बाईंना जाऊन सांगायची, "मिस, शरण्या जरा खाली बसलीय." परीक्षेत नापास झालेल्या मैत्रिणीला मी म्हणाले होते की तुला तोच वर्ग आणखी नीट बघायला मिळेल. ती मैत्रीण अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि अशी मी पायलट झाले. कशी झाले ते सांगण्यासारखं आहे. मी बारावीनंतर जाहीर केलं की मला विमान चालवायचं आहे, तेव्हा अप्पांचा चेहरा पडला. त्यांना विरोध करायचा होता. पण विरोध करायचा तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारायला हवा. दोन-तीन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. एकदा म्हणाले, वर फार थंडी असते म्हणतात. मी म्हटलं, स्वेटर घालेन. एकदा म्हणाले, जमिनीवर पण पुष्कळ चांगल्या नोकऱ्या आहेत. मी म्हटलं, आहेत. यापुढे त्यांना जाता येईना. आई, म्हणजे वेंकटलक्ष्मी, यात पडली नाही. तिला वाटलं, मुलीची उंचीच कमी आहे, आपोआप नाकारतील. नाकारलं नाही. थोडक्यात, अप्पांचं तोंड बंद होतं म्हणून माझं विमान उडालं.

नातेवाइकांना अप्पा बराच काळ सांगत होते की अनुषा वाहतूक खात्यात आहे. पुष्कळांना मी बस कंडक्टर वाटत होते.

खरी पंचाईत झाली ती सिम्युलेटरवर. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच ठेवलेलं विमानाचं खोटं डोकं. आत बसवतात आणि एकेक संकट सोडतात. इंजिन बंद पडतं, आग लागते, धूर होतो, आणि जे दिसेल ते को-पायलटने ताबडतोब, स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणायचं असतं. 'इंजिन फेल्युअर.' 'इंजिन फायर.' एवढंच. मला सगळं दिसायचं, सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं नाही. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा मी आमच्या प्रशिक्षकांना जे काही इंग्रजीत सांगितलं त्याचा अर्थ असा होत होता की सर, दोन नंबरच्या इंजिनाला जरा बरं नाही. ते हवाई दलातून निवृत्त झालेले सरदारजी. त्यांनी सिम्युलेटर थांबवला, माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे विचारलं की त्याला बघायला जाताना फळं न्यायची की बिस्किटं.

मी पास झाले, पण त्यांनी शेरा मारला तो मारलाच. मुलीचे हात चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, आवाज नाही. एक दिवस तुला माणसं वाचवायला आवाज लागेल, तेव्हा काय करणार आहेस, असं त्यांनी मला समोर बसवून विचारलं. मी म्हटलं, सर, बघू. तेही मी हळूच म्हटलं.

नोकरी लागली ती पंख्यांच्या छोट्या विमानांवर. त्रिचीहून बंगळूर, बंगळूरहून इकडे-तिकडे. माझ्याबरोबर पुष्कळदा कॅप्टन उमेश कवठेकर असायचे. सांगलीकडचे, वयाने अप्पांपेक्षा थोडेच लहान, केस पांढरे, हात इतके स्थिर की उतरताना प्रवाशांची झोप मोडू नये. त्यांना कळलं की मी घरी मराठी बोलते, तेव्हा ते फार खूश झाले. मग मी आमच्या घरच्या जुन्या मराठीत एक वाक्य बोलले आणि ते हसायलाच लागले. "अगं, तू तर बखर बोलतेस," म्हणाले. त्यानंतर ते मला 'बखर'च म्हणू लागले. मी लाजेने त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले आणि त्यांची सांगलीची मराठी चोरून शिकत राहिले. हे लिहितेय ती तीच. अप्पा वाचतील तर म्हणतील, मुलीची भाषा बिघडली.

कॅप्टन कवठेकरांबद्दल मला भक्तीच होती म्हणा. मोठ्या माणसाच्या चुकीवर बोट ठेवायचं नाही, हे मी घरातून घेऊन आले होते. कंपनी कागदावर शिकवते की कॉकपिटमध्ये सगळे सारखे, चूक दिसली की बोला. मी ते पाठ केलं होतं आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले होते. पण कॅप्टन कवठेकर एकदा धावपट्टीकडे जाताना चुकीच्या टॅक्सीवेकडे वळू लागले तेव्हा मी इतकंच म्हणाले की सर, आज हवा किती छान आहे. सुदैवाने त्यांचं लक्ष स्वतःहूनच गेलं.

तर ती सकाळ. त्रिचीहून बंगळूर, विमान जवळजवळ भरलेलं, कॅप्टन विमान चालवत होते आणि मी काटे बघत होते, रेडिओ सांभाळत होते. आदल्या दिवशी डाव्या इंजिनाच्या तेलाबद्दल काहीतरी शंका आली होती. यंत्रकारांनी ते तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. तरी चढण्याआधी कॅप्टन मला म्हणाले की डावीकडे जरा लक्ष ठेव. इथे डावं म्हणजे एक नंबर, उजवं म्हणजे दोन नंबर.

विमान धावलं, वर उठलं, चाकं आत गेली. खाली कावेरीच्या कडेची हिरवी शेतं यायला लागली. तेवढ्यात उजवीकडून एक मोठी काळी घार वर आली. मी तिला बघितलं, आणि धाडकन आवाज झाला. विमान उजवीकडे ओढलं गेलं, घंटा वाजायला लागल्या, आणि आत जळक्या पिसांचा घाणेरडा वास आला.

माझ्या समोर उजव्या इंजिनाचा जोर दाखवणारा आकडा घसरत शून्याला आला. डाव्याचा जागच्या जागी उभा. यात शंकेला कुठेच जागा नव्हती. शाळेतल्या पोरालाही दाखवलं असतं तर त्याने सांगितलं असतं, उजवं गेलं.

कॅप्टनने विमान सरळ केलं, नाक सांभाळलं, आणि ते म्हणाले, "नंबर वन."

त्यांच्या मनात सकाळपासून डावं इंजिनच होतं. माणूस घाबरला की आधीपासून ज्याची धास्ती असते तेच त्याला दिसतं. त्यांचा हात डाव्या इंजिनाच्या लिव्हरवर गेला आणि ते ती मागे ओढायला लागले. ती पूर्ण मागे आली असती तर आमच्याजवळ एकही इंजिन राहिलं नसतं आणि खाली शेतं, घरं, शाळेच्या बसगाड्या होत्या.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "सर, मला वाटतं…"

हे मी इंग्रजीत म्हणाले. पुढे 'कदाचित' पण म्हणाले. घंटांच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. लिव्हर आणखी मागे आली. मी पुन्हा सुरुवात केली, "सर, दोन नंबरला जरा…" आणि तेवढ्यात विमान खाली बसायला लागलं. ते खुर्चीतून कळतं. मला त्या क्षणी मरायचं नव्हतं. दुसरं काहीच नव्हतं मनात. देव नाही, आई नाही, प्रवासी पण नाहीत, खोटं कशाला सांगू.

मी कॅप्टनचा हात मनगटाला धरला आणि जीव खाऊन ओरडले, "दोन मेलंय, सर! एक जिवंत आहे, सोडा ते!"

मराठीत ओरडले. का ते मला माहीत नाही. उभ्या जन्मात कॉकपिटमध्ये मराठीत एक शब्द नीट बोलले नव्हते. पण ते मराठीत होतं म्हणूनच बहुधा कॅप्टनच्या डोक्यात शिरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काट्यांकडे बघितलं, आणि डावी लिव्हर जाईल तेवढी पुढे ढकलली. विमान एकदा हललं आणि मग हळूहळू चढायला लागलं.

त्यानंतरचं सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. मी दोन नंबरच्या लिव्हरवर हात ठेवला, त्यांनी बघून होय म्हटलं, मी ती बंद केली. प्रत्येक गोष्टीला आधी बोट, मग नाव, मग होय. रेडिओवर मी 'मेडे' म्हणाले, ती संकटातली हाक. ते तीनदा म्हणायचं असतं, मी बहुतेक जास्तच वेळा म्हणाले, कारण पलीकडचा माणूस म्हणाला की ऐकलं मॅडम, ऐकलं. एकदा आवाज फुटल्यावर मला तो आवरता येईना. साधं 'उंची बरोबर आहे' हे सुद्धा मी भांडल्यासारखं सांगत होते.

मग कॅप्टन म्हणाले की प्रवाशांना तू सांग. मी माइक उचलला आणि माझी गाडी जुन्या रुळावर आली. एका तांत्रिक कारणामुळे आपण थोड्याच वेळात त्रिचीला परत जात आहोत, आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. हेच म्हणायचं, असं कंपनीने छापून दिलं आहे. उजव्या खिडकीपाशी बसलेल्या लोकांना बंद पंखा दिसत होता आणि मी त्यांची गैरसोयीबद्दल क्षमा मागत होते. अप्पांना या कंपनीत कुणीही डोळे मिटून नोकरी दिली असती.

कॅप्टनने एका इंजिनावर विमान असं उतरवलं की चाकं टेकल्याचं उशिरा कळलं. बाहेर आगीचे बंब उभे होते. प्रवासी चालत उतरले, एक आजीबाई मला म्हणाल्या की एवढ्या लवकर पोचलो, बंगळूर जवळच आहे की.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं आत बसून राहिलो. कॅप्टन समोर बघत म्हणाले, "मी जिवंत इंजिन बंद करत होतो. तू ओरडली नसतीस तर सगळे गेलो असतो. हे मी लिहून देणार आहे, आणि तूही असंच सांगायचंस. गोड करून सांगायचं नाही." मी हो म्हणाले. मग ते थोडे हसले आणि म्हणाले की इतकं घाबरूनसुद्धा तू 'सोड' म्हणाली नाहीस, 'सोडा'च म्हणालीस. मी त्यांच्या पाया पडले. विमानात कुणी कुणाच्या पाया पडत नाही, खाली यंत्रकार बघत होता, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

चौकशी संपेपर्यंत कंपनीने आम्हाला रजा दिली. मी त्रिचीहून बस पकडली. तंजावर येईपर्यंत मी घरी सांगायची गोष्ट तयार केली होती: सुट्टी शिल्लक होती, काढली. पण टीव्हीवाले माझ्या आधी पोचले होते. गल्लीत शिरले तर आमच्या ओट्यावर माणसंच माणसं, आणि मधोमध अप्पा सगळ्यांना समजावत होते की विमान लवकर परत आलं, एवढंच. ते फार हुशार विमान आहे, असंही सांगत होते. कुणीतरी विचारलं, इंजिन बंद पडलं म्हणतात? अप्पा म्हणाले, दमलं असेल. मला बघून ते उठले नाहीत. त्यांच्या हातातला कॉफीचा टंबलर कलला होता आणि कॉफी धोतरावर सांडत होती, ते त्यांना कळत नव्हतं.

माणसं पांगली. आईने मला जेवू घातलं, आणि वाढता वाढता बजावलं की अप्पांना फार काही सांगू नकोस, बातमी आल्यापासून त्यांनी पाणी सुद्धा नीट घेतलेलं नाही. मी मान डोलावली. गोड करून सांगण्यात माझा हात धरणारं कोण होतं? बाहेर येऊन ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि सुरुवात केली की अप्पा, विशेष काही नाही, एक पक्षी…

"अनू," अप्पा म्हणाले, "अवघें सांग. मीं केलों तसें करूं नको."

मग मी सगळं सांगितलं. घार, घंटा, वास, कॅप्टनचा हात, खाली बसत जाणारं विमान. मी पहिल्यांदा पुटपुटले तेही सांगितलं. ओरडले ते जसंच्या तसं सांगितलं, 'मेलंय' या शब्दासकट, आणि तो शब्द आमच्या ओट्यावर म्हणताना मला विमानातल्यापेक्षा जास्त धैर्य करावं लागलं. आई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला.

अप्पा ऐकत होते. समोरून फुलवाली गेली, तिने हाक मारली, कुणी वळून बघितलं नाही.

"आतां जाऊं नको," अप्पा म्हणाले. "मरशील."

मी बारावीत असताना त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी आज म्हटलं होतं. थंडीबद्दलचं उत्तर माझ्याकडे होतं, जमिनीवरच्या नोकऱ्यांबद्दलचं होतं. याच्यावर काही नव्हतं. ते खोटं आहे असं मला म्हणता येईना, कारण ते खोटं नव्हतं.

"होय अप्पा," मी म्हटलं. "मलाही भय वाटतें. तरी जाणार."

आई आत निघून जाईल असं वाटलं होतं, पण ती खाली येऊन आमच्याजवळ बसली. अप्पांनी विचारलं की इतक्या मोठ्या माणसाचा हात धरलास, तो रागावला नाही का. मी सांगितलं, नाही रागावला, उलट त्याने ते लिहून दिलं. अप्पा माझ्याकडे पूर्ण वळले.

"मग धर," म्हणाले. "कोणीही असूं दे, हात धर, ओरड. मोठा, लहान बघूं नको. मीं तुला हळू बोलायास शिकवलों, तें अवघें टाकून दे." त्यांनी माझं मनगट धरलं. "तूं मला पाहिजेस, अनू."

आमच्याकडे असं उघड कुणी बोलत नाही. मला इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. विमानात मला रडू आलं नव्हतं, बसमध्ये आलं नव्हतं. तिथे ओट्यावर अप्पांच्या खांद्याला धरून मी मोठमोठ्याने रडले, समोरच्या घरातली माणसं पुन्हा बाहेर आली तरी थांबले नाही.